त्यागाचा कस

राष्ट्रावर संकट कोसळते तेव्हा राज्यसंस्था नागरिकांकडे धन मागते. या मागण्याची रूपे मात्र एक नसतात. दान, कर, कर्ज आणि निर्बंध या चारही गोष्टींना अशा काळात ‘त्याग’ हे एकच नाव दिले जाते. त्या नावाखाली कोणाकडून काय घेतले गेले, हा प्रश्न बाजूस राहतो.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले आणि सहा दिवसांनी आणीबाणी घोषित झाली. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे यशवंतराव चव्हाणांच्या दिल्लीप्रयाणाविषयी महाराष्ट्रात आजही अभिमानाने सांगतात. त्याच दिवसांत संरक्षण निधीत स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. ते निखळ दान होते. त्यात परतफेडीचा विचार नव्हता. १९६३-६४च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ८६७ कोटी रुपयांची तरतूद झाली. ती आधीच्या वर्षाच्या मूळ तरतुदीच्या दुपटीहून अधिक होती. हा भार करांतून उचलावा लागला, आणि करात निदान सर्वांना लागू होणारा काही नियम तरी असतो.

रोख्यांची गोष्ट निराळी. १९६२च्या सुवर्णरोख्यांत सरकारने सोने दहा ग्रॅमला ५३ रुपये ५८ पैसे या आंतरराष्ट्रीय दराने स्वीकारले. देशी बाजारात भाव त्याच्या दुपटीच्या आसपास होता. व्याज साडेसहा टक्के, परतफेड १९७७ साली, तीही रुपयांत. प्रतिसाद बेताचाच लाभला. ज्यांनी सोने दिले त्यांच्या हाती मुदतीअखेर रुपये पडले, तेव्हा सोन्याचा भाव कितीतरी पटींनी चढलेला होता. पुढे १९६५च्या युद्धकाळात जे राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोखे निघाले, त्यांत मात्र पंधरा वर्षांनी सोनेच परत देण्याचे वचन होते. बाजाराने राष्ट्राला आपली अट मान्य करावयास लावली, असे म्हणता येईल. याला देशद्रोह म्हणण्याची घाई मी करणार नाही. ज्याला नकार देण्याची मोकळीक आहे त्याच्याशी राज्यसंस्थेला सौदा करावाच लागतो.

प्रश्न आहे तो ज्याला अशी मोकळीकच नव्हती त्याचा. जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण आले आणि १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. हेतू अगदीच अनाठायी नव्हता. देशात सोने फारसे निघत नाही. चोरट्या आयातीच्या वाटेने परकीय चलन झिरपत होते, आणि शस्त्रे घ्यायची तर तेच चलन हवे होते. परंतु बावनकशी सोन्याची थोरवी ज्या समाजाच्या भाषेतच मुरलेली आहे, तो मंगळसूत्राच्या वाट्या आणि पाटल्या १४ कॅरटच्या करून घेईल ही अपेक्षाच भाबडी होती. गिऱ्हाईक थांबले. चोरटा व्यापार थांबला नाही. अनेक सोनारांच्या भट्ट्या विझल्या. काहींनी जीव दिला.

युद्धाच्या धामधुमीत प्रत्येकाचे नुकसान तोलत बसायला वेळ नसतो, हा युक्तिवाद खरा आहे. पण त्याला काळाची मर्यादा आहे. २१ नोव्हेंबर १९६२ रोजीच चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली होती, आणि नियम आले ते त्यानंतर. शिवाय ज्याच्याजवळ सोने साठलेले होते त्याला देणे-न देणे खुले होते; ज्याच्याजवळ केवळ हातातले कसब होते त्याचे ते कसबच बेकायदा ठरले. त्याने काही दिले नव्हते, म्हणून त्याला काही परत करण्याचा प्रश्न कोणत्याही हिशेबवहीत उद्भवला नाही. अशा हानीला त्याग म्हणावे काय? त्याग करणाऱ्याला निदान कोणी विचारलेले तरी असते.

१९६६ मध्ये १४ कॅरटची मर्यादा उठली. १९६८ साली नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत टिकला. मर्यादा उठेतो पुष्कळ सोनारांनी पिढीजात पेढी सोडून मिळेल तो उद्योग धरला होता.