पाळण्यातले पाय

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीला जणू शास्त्राचाच आधार मिळाला, असे अनेक वर्षे मानले गेले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस काही प्रयोग सुरू केले. लहान मुलापुढे मार्शमेलोसारखा आवडीचा खाऊ ठेवायचा आणि सांगायचे, ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील; न थांबलास तर एकच.’ ज्यांनी अधिक धीर धरला, त्यांना पुढे महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षेत अधिक गुण मिळाल्याचे १९९० साली मिशेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले.

गुणांविषयीचा हा निष्कर्ष अवघ्या ३५ मुलांवर उभा होता. इतर ठिकाणी, इतर मुलांवर पडताळा घेतल्याखेरीज त्यावरून सर्वसाधारण नियम काढू नये, असा इशारा स्वतः संशोधकांनीच दिला होता. जगाने निष्कर्ष उचलला आणि इशारा मागे ठेवला. धीराची परीक्षा मुलांची घेतली खरी. पण दुसऱ्या पुराव्यासाठी थांबण्याचा धीर मोठ्यांनाच झाला नाही.

२०१८ साली टायलर वॉट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९००हून अधिक मुलांच्या माहितीवर हा पडताळा घेतला. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांच्या माता पदवीधर नव्हत्या. या मुलांमध्ये धीर आणि पुढील शैक्षणिक प्रगती यांचा संबंध आढळला, पण पूर्वीच्या निम्माच; आणि घरची परिस्थिती व मुलाची आधीची बौद्धिक तयारी जमेस धरताच तोही सुमारे दोन-तृतीयांशाने घटला.

दुसऱ्याचे संशोधन पुन्हा करून पाहणे म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणावर संशय घेणे नव्हे. २०१५ साली मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध निष्कर्षांची अशी फेरतपासणी झाली, तेव्हा जेमतेम ३६ टक्के प्रयोगांत पुन्हा ठोस परिणाम दिसला. म्हणून उरलेले सारे संशोधक लबाड ठरत नाहीत. योगायोग, मोजक्या व्यक्तींची निवड, यशस्वी प्रयोगच छापण्याची प्रथा, अशी कारणे प्रामाणिक माणसालाही चकवतात. सत्य हे शोधणाऱ्याच्या मालकीचे नसते. दुसऱ्याने तपासावे म्हणून तो ते सर्वांपुढे ठेवतो.

मग नैतिक प्रश्न उरतो तो आपल्यापुढे. ज्या घरात उद्याची शाश्वती नाही, तेथील मुलाने हाती आलेला घास लगेच खाल्ला, तर त्याला उतावीळ म्हणावे की शहाणे? परिस्थितीचा दोष मुलाच्या स्वभावावर लादणे हा अन्याय आहे, आणि शास्त्राचे नाव घेऊन केल्याने तो न्याय ठरत नाही. शास्त्रज्ञ आपला निष्कर्ष मागे घेऊ शकतो. पण ‘याच्या हातून काही होणार नाही’ हे पालकांचे वा शिक्षकांचे शब्द ऐकत जे मूल वाढले, त्याची ती वर्षे परत कोण देणार? म्हणूनच माणसाविषयीचा निवाडा एका साक्षीवर देऊ नये. आणि दिलाच, तर तो बदलण्याची तयारी ठेवावी.