चौकाखालचं नाव

या संवादातली दोन्ही माणसं मी रचली आहेत. मामा आश्रमशाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, राहायला तलासरी तालुक्यात उधव्याला. भाची मुंबईत कापडाच्या डिझाइनचं शिक्षण घेऊन परतलेली, नोकरी शोधते आहे. पेच मात्र मला रचावा लागला नाही. डहाणू-तलासरीत वारली चित्रं काढणाऱ्या कुठल्याही शिकलेल्या पोराचा फोन उघडला, तर तो आत असतोच.

भाची : मामा, एक फोटो काढ ना. मी भिंतीपाशी उभी राहते. तोंड दिसलं पाहिजे आणि मागचं चित्रही.

मामा : कशासाठी?

भाची : लिंक्डइनसाठी. इन्स्टावरही टाकीन. नोकरी देणारे अर्ज नंतर वाचतात, आधी नाव टाकून शोधतात. माझं नाव टाकलं की भलत्याच कुणाची पानं निघतात.

मामा : म्हणजे दुकान मांडायचंय.

भाची : दुकान म्हण हवं तर. टॉम पीटर्स नावाच्या अमेरिकी लेखकानं १९९७ मध्ये ‘फास्ट कंपनी’ मासिकात लेख लिहिला, की कंपनीत कुणाच्याही हाताखाली असा, स्वतःला एक ब्रँड समजा आणि तसं वागा. तेव्हा लिंक्डइन नव्हतं, ते २००३ चं. आता आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला हेच शिकवतात. सर म्हणाले, स्वतःला एका ओळीत बसवा.

मामा : बसलीस?

भाची : ‘वारली चित्रकार, टेक्स्टाइल डिझायनर, तलासरी.’

मामा : टेक्स्टाइल तुझं. शिकलीस, फी भरलीस. तलासरीही तुझी, इथे जन्मलीस. पण वारली चित्रकार म्हणून तू एकटीच कशी उभी राहतेस? लग्नघरात चौक कोण काढतं? सुवासिनी. तांदूळ वाटतात, गेरूनं लिपलेल्या भिंतीवर बांबूच्या काडीनं बसून काढतात. मधे पालघाट देवी. बाजूच्या लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिर्या. धवलेरी गाणी म्हणते तेव्हा कुठे लग्न लागतं. त्या चौकाखाली कधी कुणाचं नाव पाहिलंस?

भाची : नाही.

मामा : लग्न झालं की भिंत पुन्हा सारवतात. चित्र जपून ठेवायचं नसतंच, मग सही कशावर करणार?

भाची : भिंतीवर नसेल. पण गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंचं नाव जगाला माहीत आहे. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. तू शाळेत पोरांना त्यांच्यावर निबंध लिहायला लावायचास.

मामा : लावायचो. त्यांनी मात्र स्वतःचं नाव कुठे पसरवलं नाही. आई गेली तेव्हा ते लहान होते, त्यानंतर बरीच वर्षं बोललेच नाहीत. सांगायचं ते मातीत रेघा ओढून सांगायचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी सरकारतर्फे कागद आणि रंग घेऊन डहाणूत आले. बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांना त्यांनी असाच कागद दिला होता. इथेही आधी बायकांनाच दिला. पुढे आला जिव्या. शोधणारा कुलकर्णी, काढणारा म्हसे. दोघांपैकी कुणीही स्वतःचा फोटो काढून घ्यायला उभा राहिला नाही.

भाची : हेच मला खटकतं. भिंतीवर चौक काढत आल्या बायका, पिढ्यान् पिढ्या. कागदावर आलं आणि पुरस्काराचं झालं, तेव्हा नाव लागलं पुरुषाचं. जिव्याबाबांवर माझा राग नाही. त्यांच्या एका रेघेत जाळं टाकणारा माणूस, मासे आणि नदी सगळं मावतं, ते मला जन्मात जमणार नाही. पण नाव न टाकणं हा आपल्या बायकांचा मोठेपणा, असं तू म्हणतोस, तेव्हा विचारावंसं वाटतं : त्यांना कुणी नाव विचारलं होतं का?

(मामांकडे याचं उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. लोककलेच्या निनावीपणाचं कौतुक आपण मासिकांतून फार करतो. कौतुक करणाऱ्याचं नाव लेखाखाली असतं, पहिल्या पानावरच्या अनुक्रमणिकेतही असतं.)

मामा : बरं, विचारलं नाही. पण नावाशिवाय काय होतं तेही या तालुक्यानं पाहिलंय. २३ मे १९४५ ला झरीला सभा झाली. वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही, असं वारल्यांनी ठरवलं. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवराबायकोनं मिळून त्याच्याकडे जन्मभर राबायचं, असा तो लग्नगडी. त्या सभेला हजारो माणसं होती. त्यातली किती नावं सांगशील? ते सगळे एक होते म्हणून सावकार मागे सरला.

भाची : आणि मला झरी कशी कळली? ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचून. त्या पुस्तकावर नाव आहे गोदावरी परुळेकरांचं. तलासरीच्या कॉलेजला नाव त्यांचंच.

मामा : बाईंनी आयुष्य दिलं इथे.

भाची : दिलं, मी कुठे नाही म्हणते? १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला, तो मिळायलाच हवा होता. मी एवढंच म्हणते, की एका माणसाचं नाव लागलं म्हणून हजार माणसांची गोष्ट पुण्यापर्यंत पोचली.

मामा : जेठ्या गांगडही पोचला. १० ऑक्टोबर १९४५, तलवाडा, पोलिसांची गोळी. अजून त्या दिवशी लोक जमतात. त्यानं स्वतःचं नाव कुठे लावलं नव्हतं, लोकांनी जपलं.

भाची : मेल्यावर. मला नोकरी आत्ता हवी, मामा.

इथे मामा हसले असते असं मला वाटतं. हसून त्यांनी बाजू बदलली नसती, पण मुद्दा बदलला असता. कारण त्यांना नाव या गोष्टीची खरी भीती नाही. भीती आहे ती नाव लावलं की पुढे काय-काय लावावं लागतं, त्याची.

मामा : समजा, तुझं नाव झालं. मग रोज काय टाकशील?

भाची : कामं. कॉलेजात मी सुती कापडाचं एक डिझाइन केलं होतं, ताडीच्या झाडांचं. ते टाकलं. पंधरा-वीस जणांनी पाहिलं असेल, तेही मैत्रिणींनी.

मामा : आणि मग?

भाची : मग गुडघ्यापर्यंत लुगडं नेसून, गळ्यात माळा घालून भिंत सारवतानाचा व्हिडिओ टाकला. तो धावला. ओळख ना पाळख, अशा माणसांनी पाठवला एकमेकांना. दोन कंपन्यांचे मेसेज आले.

मामा : तू लुगडं कधी नेसतेस?

भाची : नाही नेसत.

मामा : मग ती पोरगी कोण?

भाची : (थांबून) तीच तर अडचण आहे. मला डिझायनर म्हणून पुढे जायचंय. लोक बघतात ते आदिवासी मुलीला. ताडीचं डिझाइन दाखवलं तर मी हजारांतली एक. लुगडं नेसलं तर मी एकटी. आणि एकटी दिसलं पाहिजे, असंच तर शिकवलंय.

मामा : आश्रमशाळेत पाहुणे आले की पोरांना तारपा नाचायला उभं करायचो आम्ही. परीक्षा जवळ आली असली तरी. पाहुणे खूश व्हायचे. एक पोरगा गणितात पहिला यायचा, त्याला कुणी कधी गणित विचारलं नाही. मीच उभं केलं त्याला रांगेत. तू आता स्वतःच स्वतःला उभं करतेस, एवढाच फरक.

भाची : फरक एवढाच नाही. तेव्हा टाळ्या शाळेला मिळायच्या. आता मेसेज मला येतात.

मामा : हे खरं.

भाची : आणि मी नाही उभी राहिले, तर जागा रिकामी राहते का? दोन दिवसांची कार्यशाळा करून आलेली शहरातली माणसं ‘वारली आर्टिस्ट’ लिहितात, कप रंगवतात, क्लास घेतात. २०१० मध्ये कोका-कोलाच्या दिवाळीच्या जाहिरातीत आपली चित्रं आली. डहाणूच्या आदिवासी युवा शक्तीनं हरकत घेतली म्हणून निदान चर्चा तरी झाली. २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं ते त्या मुलांच्या धडपडीतून.

मामा : मग झालं की! मानांकन आहे. सगळ्यांचं मिळून एक नाव. तुझं वेगळं कशाला?

भाची : घोलवडच्या चिकूलाही २०१६ मध्ये मानांकन मिळालंय. पण व्यापारी येतो तेव्हा विचारतो ना, वाडी कुणाची? चिकू घोलवडचा एवढ्यावर तो पैसे मोजत नाही. मानांकन दुसऱ्याला अडवायला कामाचं. मला कुणी कामाला घ्यावं, यासाठी ते काय करणार?

मामा : एक गोष्ट करतं. ते विकता येत नाही. कायद्यातच आहे तसं : मानांकन दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, गहाण टाकता येत नाही. तुझा ब्रँड मात्र तू विकू शकशील. लग्नगड्यांच्या तालुक्यात गहाण या गोष्टीचा विचार जरा जास्त करावा माणसानं.

(मामा निवृत्त शिक्षक असले तरी १९९९ चा कायदा त्यांना इतका पाठ असेल का, अशी शंका वाचकाला येईल. तलासरीत वनहक्काचे दावे भरून-भरून माणसं कायद्याची कलमं बोलायला लागली आहेत. ती शंका सोडून द्यावी.)

भाची : कॉलेजात आम्हाला जनगडसिंग श्याम शिकवले. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे. चित्रकार स्वामीनाथन यांनी त्यांना भोपाळला भारत भवनात आणलं, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. आज गोंडांच्या त्या चित्रांना ‘जनगड कलम’ म्हणतात. एका माणसाच्या नावावर सगळ्यांची कला चालते, त्यांचे भाऊबंद त्याच नावानं पोट भरतात. आपल्याकडे पद्मश्री मिळूनही शैली वारलीच राहिली. कुठलं बरं, सांग.

मामा : जनगडसिंगांचं शेवटी काय झालं?

भाची : जपानमध्ये एका संग्रहालयासाठी चित्रं काढायला गेले होते. २००१ मध्ये तिथेच जीव दिला.

मामा : वय?

भाची : चाळिशीच्या आसपास.

मामा : कारण मला माहीत नाही, आणि तू सांगूही नकोस. माणूस का मरतो ते दुसऱ्यानं सांगू नये. पण एका माणसाच्या नावावर पूर्ण जमात चालते, याचा भार त्या माणसावर किती पडत असेल, एवढं मनात येतं. तू एका ओळीत ‘वारली’ लिहिलंस की उद्या एखाद्या सभेत तुला विचारतील, वाढवण बंदराबद्दल वारल्यांना काय वाटतं? तुला काय वाटतं ते नाही विचारणार.

भाची : विचारलंय आधीच. मुलाखतीत. कापडाबद्दल दोन प्रश्न, बाकी सगळे जमातीबद्दल.

मामा : काय म्हणालीस?

भाची : जे म्हणायला नको होतं ते. ‘आम्हा आदिवासींना निसर्ग देवासारखा असतो,’ वगैरे. त्यांनी लिहून घेतलं.

मला या पोरीचा राग येत नाही. नोकरीच्या मुलाखतीत आपण सगळेच कुणाचा तरी प्रतिनिधी होऊन बसतो : गावाचा, कॉलेजचा, पिढीचा. फक्त पुण्याच्या पोराला बाहेर आल्यावर ते सोंग उतरवता येतं. त्याला कुणी दारात थांबवून विचारत नाही की पुणेकरांना निसर्गाबद्दल काय वाटतं. भाचीला ते प्रोफाइलमध्ये चोवीस तास चढवून ठेवायचंय. ब्रँडच्या तासाला हे कुणी शिकवत नसावं, कारण शिकवणाऱ्याला हा प्रश्न पडण्याचं कारणच नाही.

भाची : मग ओळ बदलते. ‘टेक्स्टाइल डिझायनर’ आधी. ‘चौक काढायला घरच्या आणि पाड्यावरच्या बायकांकडून शिकले,’ हे नंतर. आडनाव आहेच, ज्याला कळायचं त्याला कळेल.

मामा : बायका म्हणजे कोण? नावं लिही. मघाशी तूच विचारत होतीस, त्यांना कुणी विचारलं होतं का.

भाची : वरच्या ओळीत अक्षरं मोजून मिळतात, मामा. पाच जणींची नावं मावणार नाहीत.

मामा : खाली मावतील.

भाची : खाली कुणी वाचत नाही.

मामा : मग वाचत नाहीत तिथे खरं लिही आणि वाचतात तिथे नोकरीचं लिही. आम्ही सरकारी अहवाल असेच लिहायचो.

भाची : आणि वैशाखात मामेभावाचं लग्न आहे त्याचं काय? एका कंपनीनं विचारलंय, चौक काढताना सुरुवातीपासून शूटिंग करून द्याल का. चांगले पैसे देतायत. माझं नाव, माझा आवाज. हे एक झालं तर मला वर्षभर काम शोधावं लागणार नाही.

मामा : तो चौक तुझा नाही आणि माझाही नाही. धवलेरीला विचार.

भाची : ती नाही म्हणाली तर?

मामा : तर नाही.

भाची : आणि हो म्हणाली, पण पैसे मागितले तर?

मामा : तर द्यायचे.

भाची : किती?

मामा : ते तू आणि ती ठरवा. मला मधे घालू नका. आणि फोटो काढायचा असेल तर लवकर उभी राहा, ऊन चाललंय.