अर्धा फेरा जास्त

बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत मला कोणी आट्यांविषयी शिकवलं नाही. जमाखर्च शिकवला, घसारा शिकवला, बुडीत येण्याचं काय करावं हेही शिकवलं. पण बोल्ट किती आवळावा आणि कुठे थांबावं, हे ज्ञान विद्यापीठाने अभ्यासक्रमाबाहेर ठेवलं. त्याची फळं मी चाळिशी उलटल्यावर, जामनेरला मामांच्या अंगणात भोगली.

मामांकडे १९७२ सालची फियाट आहे. पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे २०२० साली बंद झाल्यापासून गावातलं सर्वांत जुनं चालतं यंत्र आपली फियाटच, असा मामांचा दावा आहे. (मामी त्यावर काही बोलत नाहीत, नुसत्या गुडघे चोळतात.) २०२१ साली सरकारने नियम काढला, की पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, इंजिनात फेरफार न केलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येईल. तेव्हापासून मामा तिला गाडी म्हणेनात, आणि मी दर रविवारी तिची सेवा करू लागलो.

अशाच एका रविवारी मी स्पार्क प्लग बदलला. काम सोपं. इंजिन थंड असावं, प्लग हातानेच फिरवत बसवावा, टेकला की पान्याने फार तर अर्धा फेरा. पुढे जाऊ नये, कारण प्लग पोलादी आणि तो ज्यात बसतो ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं. या दोघांच्या भांडणात कोण हरणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पण मी पडलो बँकेचा माणूस, कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा! म्हटलं, पक्कं असलेलं बरं. आणखी अर्धा फेरा दिला. आणि पाना एकाएकी हलका झाला.

ज्याच्या हातून आटे गेलेत त्यालाच तो हलकेपणा कळेल. पान्याचं गेलेलं वजन थेट छातीवर येतं. मी आजूबाजूला पाहिलं. मामा वर्तमानपत्रात होते. प्लग सरळ दिसेल असा ठेवला, बॉनेट लावलं आणि म्हणालो, “झालं.” हे काही खोटं नव्हतं, काय झालं एवढंच सांगितलं नाही.

मंगळवारी गॅरेजमधला पोरगा ऑइल बदलायला आला. त्याने प्लगला हात लावला आणि प्लग हातातच आला. मामांनी त्या अठरा वर्षांच्या पोराची सगळी अठरा वर्षं काढली. मिस्त्रीने त्याची त्या दिवसाची मजुरी कापली.

हे मला पुढच्या रविवारी पोहे खाताना कळलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पोहे खाताना माणूस तत्त्वचिंतन फार चांगलं करतो. आटे काय एका फेऱ्यात जातात? पन्नास वर्षांत किती जणांनी ते आवळले असतील! मी फक्त शेवटचा. आणि शेवटचा तरी कुठे? शेवटचा तर तो पोरगा. म्हणजे गुन्ह्याचं हे संयुक्त खातं; त्यात कोणाही एकाची सही चालते, आणि ती पोराने केलेलीच होती. हिशेब चोख जुळला. फक्त अडचण एवढीच, की इतक्या लवकर हिशेब जुळला तर बँकेत आम्ही तो पुन्हा तपासतो.

तेवढ्यात मिस्त्री पोराला घेऊन आला. हेड उतरवून त्याने भोकाला ड्रिल लावलं. मी कळवळलो. “अहो, आत थोडे आटे शिल्लक आहेत की! काहीतरी चिकटवून नाही का भागणार?”

“भागीन ना भाऊ, भुसावळपावतर,” मिस्त्री म्हणाला. “मंग उडीन प्लग. उरलेले आटे आदी काढा लागतीन. भोक मोठं केल्याबिगर नवं बसत नाई.”

मोठ्या भोकात त्याने नवे आटे पाडले आणि त्यांत स्टेनलेस स्टीलच्या तारेची गुंडाळी फिरवत बसवली. तिच्या आत पुन्हा मूळ मापाचे, १४ मिलिमीटरचे आटे तयार! हिला हेलिकॉइल म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांतही ती वापरली गेली. ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा हे मजबूत असतात. पण आधी भोक मोठं करण्याचा धीर हवा.

मी बशी खाली ठेवली. “मामा, तो प्लग मी आवळला होता.”

मामा मला काही बोलले नाहीत. हे फार वाईट. त्यांनी पोराला जवळ बोलावलं आणि ऐंशी ओलांडलेला तो माणूस म्हणाला, “बेटा, चुकलं माझं.”

“मले माहीत होतं आबा,” पोरगा खाली बघत म्हणाला. “मी तं पाना लावेलच नव्हता.”

“मग बोलला का नाहीस रे?” मी विचारलं.

“तुम्ही बँकेत आहे ना भाऊ. माझं कोन ऐकीन?”

मजुरीचे पैसे मी तिथल्या तिथे भरून दिले. त्याने ते दोनदा मोजले, बरोबर केलं. पण त्याचं ते वाक्य मला अजून सोडत नाही. खरं बोलायच्या आधीच ‘कोण ऐकणार’ असं त्याला वाटावं, यासाठी किती जणांनी किती वर्षं पाना फिरवला असेल? आणि इथे ‘मी फक्त शेवटचा’ म्हणायचीही सोय नाही.

बँकेत चुकलेला आकडा रबराने पुसायचा नसतो. एका रेघेने खोडायचा, म्हणजे चूकही वाचता येते. वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही. मामांनी गाडीची वही काढली. मंगळवारच्या नोंदीत ‘पोराच्या हातून आटे गेले’ असं होतं. ‘पोराच्या’वर रेघ मारून त्यांनी ‘भाच्याच्या’ लिहिलं आणि वही माझ्यापुढे सरकवली.

मी सही केली. पेन जरा जोरातच दाबलं गेलं, कागद फाटता फाटता राहिला.

“अर्धा फेरा कमी,” मामा म्हणाले.