गाडी आपली, शब्द कोणाचा?

वस्तू आपल्या मालकीची असली म्हणजे तिच्यातून जे जे निघते तेही आपलेच, असे माणूस सहज धरून चालतो. हे कितपत खरे, याचा विचार करण्याचे निमित्त दौंडकडच्या एका तरुण माळकऱ्याने दिले. त्याची चारचाकी नवी, शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली. तिच्यातला कंपनीचा टेप (आता त्यात फीत नसते, पण नाव तेच राहिले आहे) उत्तम चालू. तरी तो काढून बाहेरचा मोठा बसवावा असे त्याच्या मनाने घेतले. घरचे वडीलधारे म्हणाले, "कंपनीने दिलेले मोडू नये." तो मला विचारतो, "महाराज, यात काही दोष आहे का?"

वडीलधाऱ्यांचा पक्ष आधी पाहू. मूळचे तेवढे पवित्र, असे काही नाही. अहो, मोटार जन्मली तेव्हा तिला कंठच नव्हता! १९३० साली अमेरिकेत गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला, तोही बाहेरून बसविण्याचाच. आपल्याकडे अँबॅसिडर, पद्मिनी यांनाही लोकांनी टेप बाजारातूनच आणून बसविले. नैयायिक म्हणतात, वस्त्राचा तुकडा निघाला की जुने वस्त्र गेले, उरले ते दुसरेच खंडपट. त्या न्यायाने टायर बदलणाराही नवी गाडी हाकतो, पण आर.टी.ओ. ते ऐकून घेणार नाही. तेव्हा नुसत्या बदलण्यात दोष नाही.

दोष शोधायचा तो कारणात. कारण विचारले तर म्हणाला, "आवाजात दम नाय." बरे, पुष्कळदा उणेपणा टेपात नसून दारातल्या हलक्या स्पीकरांत असतो, ते आधी बदलून पाहावेत. नव्या टेपाच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' छापलेले असते, ते क्षणभराचे शिखर. गाडीच्या चौदा व्होल्टांवर चार ओहमच्या स्पीकरला सतत मिळतात ते एकेकी वीस वॅटच्या आसपास. हे खोटे म्हणवत नाही आणि खरेही म्हणवत नाही. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो तो ३ डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. मग दुकानदार वेगळा अँप आणि बूफर सुचवितो, आणि खरा प्रश्न तेथे उभा राहतो. (बसवायचेच तर कपलर लावून बसवावे, मूळच्या तारा कापू नयेत. वॉरंटीचा तंटा टळतो, आणि उद्या ती गाडी घेणाऱ्याचीही सोय राहते.)

आता शब्दाचे पाहा. न्यायशास्त्रात शब्द हा आकाशाचा गुण आहे, आणि आकाश एक, अखंड. गाडीचा सातबारा म्हणा, आर.सी. बुक म्हणा, तुमच्या नावावर होते. आकाश होत नाही. शब्द पसरतो कसा? काही म्हणतात पाण्यावरच्या लाटेमागून लाट जावी तसा, काही म्हणतात कदंबाची कळी चहूकडून उमलावी तसा. शेवटचा शब्द ऐकणाऱ्याच्या कर्णविवरातल्या आकाशात उपजतो, आणि तेवढाच ऐकू येतो. म्हणजे मी बटण फिरविले माझ्या गाडीत, आणि शब्द उत्पन्न केला दुसऱ्याच्या कानात! आजचे शास्त्र आकाशाऐवजी हवेचा कंप सांगते, तरी हिशेब तोच राहतो.

यावर तो म्हणाला, "पण महाराज, मी तर अभंगच लावतो." सज्जनहो, ही सबब आपल्यातल्या पुष्कळांची आहे. सेकंदाला पन्नास कंप असलेल्या खर्जाची लाट सुमारे सात मीटर लांब. गाडीचा पत्रा आणि काच तिला फारशी अडवीत नाहीत. शब्दांतली व्यंजने मात्र बारीक कंपांची. ती आतच राहतात. म्हणून नाम गाडीत राहते आणि बाहेर जाते ती नुसती धडधड. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत, वरवंड ही तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाची ठिकाणे. दिवसभर चालून आलेली म्हातारी रस्त्याकडेला पथारी टाकून डोळा लावते, आणि शेजारून ती धडधड जाते. तिने कोणता अभंग ओळखावा? उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवर टेप लावून जाणाऱ्याला मागच्या गाडीचा हॉर्नही ऐकू येत नाही. तेथे झोपेवर निभावत नाही, जिवावर येते.

कोणी म्हणेल, कीर्तनकारानेच मायकावर उभे राहून हे सांगावे? शंका वाजवी आहे. मंडपात बसलेला ऐकायला आलेला असतो. पलीकडच्या आळीतला आजारी आलेला नसतो. कर्णा मंडपाकडे वळवून बांधता येतो, पण गावाकडे तोंड करून बांधण्याची हौस आपल्याकडेही आहे. २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा कर्ण्याला बंदी घातली. सवलतीचे दिवस सोडून ती सप्ताहालाही आहे, आणि त्याबद्दल कुरकुरण्यात मला अर्थ दिसत नाही.

शेवटी त्याने विचारले, "मग आवाज किती ठेवू?" मी सांगितले, भावाला गाडीत बसव, काचा लावून घे, टेप लावायला सांग आणि तू दहा पावले लांब उभा राहा. नुसती धडधड आली तर बूफरचे बटण मागे फिरव. धडधड थांबेपर्यंत फिरवत राहा.