आजचं चिंतन : गीता ७.१४ – सुखाची माया



आजच्या श्लोकात भगवंत सांगतात, ही त्रिगुणांची माया तरून जायला कठीण आहे, पण जे मला शरण येतात ते तरतात. वाचताना मला चक्क ‘स्टार ट्रेक’ आठवलं! नोव्हेंबर १९६६ मध्ये दोन भागांत आलेला ‘द मेनॅजरी’ हा एपिसोड.

कॅप्टन पाइक एका जुन्या अपघातातल्या लोकांना वाचवायला तालोस ग्रहावर उतरतो. तिथले वाचलेले म्हातारे शास्त्रज्ञ म्हणजे निव्वळ भास. तालोसवासीयांनी त्याला पिंजऱ्यात पकडायला रचलेला. खरी फक्त व्हिना, आणि तिचं तरुण रूपही भासच. अपघातात ती विद्रूप झालेली असते. गंमत म्हणजे स्वप्नांत रमून तालोसवासी स्वतःही पूर्वजांची यंत्रं दुरुस्त करायला विसरलेले. पाइक हे खोटं सुख नाकारतो.

इथवर बोध सोपा. पण काही वर्षांनी पाइक अपघातात पूर्ण जायबंदी होतो, फक्त ‘हो-नाही’ सांगू शकतो. तेव्हा तो ‘हो’ म्हणून तालोसलाच परततो. मग तो मायेपुढे हरला का?

हा प्रश्न मला सोडत नाही, कारण माझ्या आजीला विसरण्याचा आजार आहे. रोज संध्याकाळी विचारते, “हे आले नाहीत का रे अजून?” आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली. आधी मी खरं सांगायचो. ती दर वेळी नव्यानं रडायची. आता म्हणतो, “येतील गं, तू चहा घे.” म्हणजे मीही तालोसवासीच?

पाइकला पहिल्यांदा कुणी विचारलं नव्हतं; दुसऱ्यांदा त्यानं स्वतः निवडलं. आजी निवडू शकत नाही, म्हणून हिशोब मलाच द्यायचाय. आणि खरं सांगू? काही दिवशी मी तिच्यासाठी नाही, माझा कॉल चालू असतो म्हणून तसं बोलतो. तरी मनात म्हणतो, ‘सगळं तिच्यासाठीच!’ माझी माया ती हीच. शरण जाणं म्हणजे निदान देवापुढे हे कबूल करणं.

परवा लॅपटॉप मिटला आणि विचारलं, “आजी, आजोबा कसे होते गं?” ती अर्धा तास बोलत होती. त्यात कुणालाच खोटं बोलावं लागलं नाही.

आजचा संकल्प : कुणाला गोड खोटं सांगण्याआधी स्वतःला एकदा विचारायचं, हे कुणाच्या सोयीसाठी?

राम कृष्ण हरी!