पाटीवरचा वर्तमानकाळ

संग्रहालयात वस्तूखाली जी पाटी असते, तिचा विचार साहित्यसमीक्षेने क्वचितच केलेला आहे. वस्तूचे नाव, ती कोठून आली, कोण ती वापरतात, एवढाच तिचा मजकूर. चार ओळींची ही संहिता आकाराने इतकी लहान आणि स्वराने इतकी निर्विकार असते की तिला निवेदक आहे हेच वाचकाच्या ध्यानात येत नाही. परंतु तिला निवेदक असतो, काळ असतो, प्रयोगही असतो. आणि व्याकरणाच्या या साध्या बाबींतच संग्रहालयाविषयीचा एक नैतिक प्रश्न दडलेला असतो. संग्रहालयविषयक चर्चेत वस्तू कोणाच्या मालकीची, ती कशी मिळवली, हे प्रश्न अलीकडे पुष्कळ विचारले जातात. त्यांचे महत्त्व मान्य करूनही त्यांच्या मागचा एक प्रश्न उरतोच: एखाद्या समूहाचे जगणे दाखवण्याचा अधिकार कोणाला, आणि ज्याचे जगणे दाखवले गेले त्याला त्या पाटीला उत्तर देण्याची काही सोय आहे काय?

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न विचारणे विशेष उद्बोधक ठरते. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकाराने स्थापन झाले. तेव्हा यवतमाळ नावाचा जिल्हा नव्हता. वऱ्हाडातील हा भाग पुढे वणी (वून) जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. नागपूर मध्य प्रांतात आणि वणी निजामाकडून घेतलेल्या वऱ्हाडात, असा कारभाराचा भेद होता. तरी गोंड, प्रधान आणि कोलाम यांच्याविषयीचे ज्ञान जेथे रचले जाऊ लागले ते केंद्र नागपूरच होते. संग्रहालय निघाले त्याच वर्षी सप्टेंबरात स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी टाकळघाट येथील शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना ओढ्याच्या पुरात मृत्यू पावले. त्यांनी मागे ठेवलेली टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. त्यांत लिंगोचे गीत आहे, आणि ते एका प्रधानाच्या तोंडून उतरवून घेतलेले आहे. संग्रहालय उभारणारा आणि गीत छापणारा हात एकच, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही. गीताचे पुस्तक झाले, वस्तूचे प्रदर्शन झाले. दोन्ही ठिकाणी शीर्षपत्र दुसऱ्याचे. गायकाच्या मुखातील संहिता संग्राहकाच्या नावाने वाचकापर्यंत पोचते आणि त्यानंतर तिचे भाष्यकार, अनुवादक, अभ्यासक हे सगळे त्या नावाशीच संवाद करीत राहतात.

(लोकांनी मात्र या वास्तूला आपली स्वतःची पाटी लावली. नागपुरात तिला ‘अजब बंगला’ म्हणतात. पाहणाऱ्याच्या घरालाच पाहिले गेलेल्यांनी नाव द्यावे, असे संग्रहालयांच्या इतिहासात फारसे घडत नाही.)

प्रधानांचे किकरी हे वाद्य येथे उदाहरण म्हणून घेता येईल. तीन तारांचे, घोड्याच्या केसांच्या गजाने वाजवले जाणारे हे वाद्य काचेच्या कपाटात ठेवले की ते काय राहते? क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी पैनगंगेपलीकडील आदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रधान आणि त्याचा गोंड यजमान यांचे नाते तपशिलाने मांडले आहे. नदी ही आजची राज्यसीमा असली तरी ते नाते दोन्ही तीरांवरचे आहे. कुळाची कथा गोंडाची, पण ती ज्ञात आहे प्रधानाला. यजमानाला स्वतःचा पूर्वेतिहास हवा असेल तर तो प्रधानाच्या किकरीतून ऐकावा लागतो. म्हणजे वाद्य हे येथे स्मृतीच्या वाटणीचे साधन आहे: इतिहास एकाचा, वाणी दुसऱ्याची. कपाटातल्या किकरीखाली ‘तंतुवाद्य, लाकूड व चामडे’ असे लिहिल्याने काही असत्य सांगितले जात नाही. सांगितले जात नाही ते इतकेच की हे वाद्य कोणाला तरी उद्देशून वाजत असे. संहितेतील संबोध्य नाहीसा झाला की उरते ते केवळ द्रव्य.

याहून अवघड प्रसंग पर्सापेनचा. कुळदेवतेची प्रतीके, भाल्याचे लोखंडी पाते आणि चवरी, विशिष्ट विधींखेरीज उघडी केली जात नाहीत. एरवी ती गुंडाळून, वस्तीपासून दूर ठेवलेली असतात. ज्या वस्तूचा अर्थच मुळी झाकलेपणात आहे ती प्रदर्शित करणे म्हणजे तिचे स्थलांतर करणे नव्हे, तिचे रूपांतर करणे होय. संग्रहालयाची मूळ श्रद्धा अशी की दिसणे म्हणजे कळणे. आधुनिक ज्ञानव्यवहाराची ही श्रद्धा इतकी सार्वत्रिक आहे की तिला श्रद्धा म्हटलेले कोणाला रुचणार नाही. पण गोंडांच्या व्यवस्थेत ज्ञानाची विभागणी पाहण्याच्या अधिकारानुसार झालेली आहे, आणि ती आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. मंदिराच्या गर्भगृहाबाबत हीच मर्यादा बहुसंख्य समाज निमूटपणे मान्य करतो. कॅमेरा बाहेर ठेवतो. तेथे ती मर्यादा ‘पावित्र्य’ ठरते आणि जंगलाच्या कडेला ती ‘रूढी’ होते.

आता पाटीच्या काळाविषयी. मराठीत रीती वर्तमानकाळ म्हणून जो सांगितला जातो, त्याचे संग्रहालयाशी जवळचे सख्य आहे. ‘कोलाम लोक पोडात राहतात. ते बांबूच्या टोपल्या विणतात.’ अशा धाटणीची वाक्ये मानववंशशास्त्रीय दालनात सर्वत्र आढळतात. याउलट पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी अडकित्ता, समई, पानदान यांच्यासंबंधी वाक्य सहजपणे भूतकाळात येते: ‘वापरत असत’. मध्यमवर्गीय घरातील वस्तूला भूतकाळ मिळतो, कारण ते घर पुढे गेले असे गृहीत असते. कोलामाच्या वस्तूला वर्तमानकाळ मिळतो, कारण तो कोठेच गेलेला नाही असे गृहीत असते. योहानेस फाबियन यांनी १९८३ मध्ये मानववंशशास्त्रावर जो आक्षेप घेतला, की अभ्यासविषय झालेल्या माणसांना ते अभ्यासकाचे समकालीन मानत नाही, त्याचा मराठी पुरावा क्रियापदाच्या एका प्रत्ययात सापडतो. शासनाच्या भाषेनेही यात भर घातली आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची जी वर्गवारी झाली तिला मराठीत ‘आदिम जमात’ म्हणण्याची रूढी पडली. इंग्रजीतील संज्ञा पुढे बदलली. मराठीतील विशेषण मागेच रेंगाळले. मारेगाव किंवा झरीजामणी तालुक्यातील पोडातला विद्यार्थी आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर ‘आदिम’ असे लिहितो, तेव्हा तो स्वतःलाच एक पाटी लावून घेत असतो.

भाषेबाबतही तेच. मरे एमेनो यांचे कोलामीवरील व्याकरण १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातून प्रसिद्ध झाले. वर्धा परिसरातील बोलणाऱ्यांकडून मिळालेल्या सामग्रीवर ते आधारलेले आहे आणि द्राविडी भाषाभ्यासात त्याचे मोल निर्विवाद आहे. कोलामी शब्दांचे हे एक उत्तम संग्रहालयच होय. पण ज्या भाषेचे व्याकरण इतक्या सूक्ष्मतेने जतन झाले, ती बोलणाऱ्या मुलाला शाळेत पहिल्या दिवसापासून मराठीत उत्तर द्यावे लागते. जतन आणि जगणे यांचा संबंध आपोआप जुळत नाही, याचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण.

येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो व त्याला बगल देणे योग्य नव्हे. संग्रहालय नसते तर या वस्तू उरल्या असत्या काय? वाळवी, पावसाळा आणि भंगारवाला यांना नैतिक प्रश्न पडत नाहीत. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या स्मृतीला वाहिलेल्या संग्रहासाठी आयुष्य वेचले, आणि १९७५ मध्ये तो शासनाच्या स्वाधीन केला. त्यांच्यासारखे वेडे नसते तर मराठी घराचा बराचसा दृश्य इतिहास वितळून गेला असता. शिवाय वस्तूंशी असलेले नाते तोडण्याची इच्छा कधी कधी आतूनच येते. अनेक प्रधान कुटुंबे शिक्षणाकडे आणि नोकरीकडे वळली; यजमानाच्या दारी वाजवण्याशी जोडलेले दुय्यमत्व पुढील पिढीला नको असेल, तर तिला किकरी कपाटात पाहून हायसेही वाटेल. संदर्भ तुटल्याचा शोक नेहमी त्याच लोकांनी करावा ज्यांना त्या संदर्भात राहावे लागले नाही, हा अभिजनांचा जुना छंद आहे. देशीवादी भूमिकेतील पुष्कळ लेखनाला या छंदाची बाधा झालेली दिसते. तेव्हा आक्षेप जतनाला नाही. जतन करणाऱ्याने निवेदनाचा अधिकारही त्याच बरोबर उचलून नेला, याला आहे.

त्यावर उपाय म्हणून ‘लोकसहभाग’ हा शब्द आता प्रचारात आहे. संग्रहालयांनी कार्यक्रम करावेत, कलावंत बोलवावेत, शाळांच्या सहली आणाव्यात. हेतू चांगलाच असतो. परंतु दिवाळीच्या दिवसांतील दंडारी पाहावी. एका गावाचे नर्तक दुसऱ्या गावी जातात, मोरपिसांचे मुकुट घातलेले घुसाडी त्यांच्यासोबत असतात. पाहुणचार होतो, सोयरिकीची बोलणी होतात, परतभेट ठरते. नृत्य हे त्या भेटीचे एक अंग आहे. संग्रहालयाच्या आवारात तेच दहा मिनिटांत होते, आणि परतभेटीचा प्रश्न उद्भवत नाही, कारण संग्रहालय कधी कोणाच्या गावी जात नाही. सहभाग म्हणजे येणे एवढेच राहते. भोपाळच्या मानव संग्रहालयाने आदिवासींना त्यांची घरे त्यांच्याच हातांनी उभारायला लावली. गुजरातेत तेजगढ येथे गणेश देवी यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या आदिवासी अकादमीने आपल्या संग्रहालयाला ‘वाचा’ हे नाव दिले. वस्तूऐवजी वाणीवरून संग्रहालयाचे नामकरण व्हावे, हा बदल छोटा नाही. पण नावापुढचे काम पाटीचे आहे: ती कोण लिहितो, कोणत्या भाषेत, आणि ती पुन्हा लिहिता येते काय.

इतिहासाच्या दालनात प्रश्न थोडा सौम्य होतो. बाभुळगाव तालुक्यातील पाचखेड येथे नागपूर विद्यापीठाने अलीकडे केलेल्या उत्खननात लोहयुगीन वसाहतीचे अवशेष मिळाले. अशा टेकाडाला वऱ्हाडात पांढरी म्हणतात. काळी पिकवण्याची, पांढरी राहण्याची. खापरे संग्रहालयात जातील तेव्हा ‘पांढरी’ हा शब्द त्यांच्यासोबत जावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

खरी कसोटी विज्ञानाच्या दालनाची. यवतमाळात कापसाचे विज्ञान दाखवायचे म्हटले तर २००२ मध्ये मान्यता मिळालेले बीटी वाण, त्यातील जनुक, बोंडअळीचे जीवनचक्र हे सर्व यथास्थित दाखवता येईल. या दालनाची भाषा कर्मणी असते: ‘बियाणे विकसित केले गेले’, ‘फवारणी केली जाते’. कर्ता लोपतो आणि क्रिया निसर्गनियमासारखी भासू लागते. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. ‘फवारताना मुखवटा वापरावा’ या विध्यर्थी वाक्यात ते कोठे आहेत? मुखवटा कोणी दिला नाही, भादव्याच्या उकाड्यात तो घालून पाठीवर पंप वाहता येतो काय, औषधांचे मिश्रण कोणाच्या सल्ल्याने झाले, हे प्रश्न कर्ता मागतात. आणि कर्मणी वाक्यात कर्त्याला जागा नसते. विज्ञानाची वस्तुनिष्ठता ही येथे केवळ शैली उरते, आणि शैलीची जबाबदारी कोणीतरी घ्यावीच लागते.

साहित्यव्यवहाराने यावर फुशारकी मारण्याचे कारण नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले. त्यांच्या जागी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झाले. हा प्रसंग प्रदर्शनाचा की निवेदनाचा? एका लेखिकेचा आवाज रोखल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेवर एका विधवेला उभे करणे, हे व्यासपीठाचे कपाट करणे होय, असे म्हणता येते. दुःखाचा नमुना, जिल्हा यवतमाळ. पण येडे बोलल्या, आणि प्रथमपुरुषात बोलल्या. त्यांच्याविषयी बोलणाऱ्यांची सवय तृतीयपुरुषाची होती. त्या क्षणी ती सवय मोडली. निमंत्रणामागचा हेतू आणि उच्चाराचा परिणाम यांची येथे फारकत झाली. आयोजकांचे ऋण मानण्याची गरज नाही, तशीच येडे यांच्या बोलण्याला आयोजकांच्या हिशेबात जमा करण्याचीही नाही. उत्तर देण्याची सोय कोणी करून दिलेली नव्हती. ती त्यांनी घेतली.

महागाव तालुक्यातील चिलगव्हाण हे साहेबराव करपे यांचे गाव. १९ मार्च १९८६ रोजी वर्ध्याजवळ पवनार परिसरात त्यांनी पत्नी व मुलांसह जीवन संपवले. पुढे ही घटना महाराष्ट्रातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून नोंदली गेली. २०१७ पासून दर १९ मार्चला अनेक ठिकाणी माणसे एक दिवस अन्नत्याग करतात. त्यात मांडायला वस्तू नसते आणि पाटी लावायला जागाही नसते. दुसऱ्या दिवशी ती माणसे जेवतात आणि शेतावर जातात.