आग्रह मोडताना

वसतिगृहात ग्लास पुढे सरकवणारे हात दुष्टांचे नसत. तेच मित्र माझ्या तापात उशाशी बसलेले, परीक्षेआधी वह्या देणारे. "अरे, तुमच्यात तर चालतं ना?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. ख्रिस्ती म्हणजे पिणारा, ही समजूत हिंदी सिनेमाने इतकी पक्की केली आहे की, नको म्हणणाऱ्या ख्रिस्ती मुलाला आधी स्वतःचा धर्मच समजावून सांगावा लागतो. (दारूविषयी आमच्या सगळ्या पंथांचं मत एक नाही, आमच्या घरात ती वर्ज्य होती.) धमकीला माणूस इरेला पेटून तोंड देतो. मायेचा आग्रह मोडताना मात्र जीव कासावीस होतो.

तरुण संघात दानीएलाची गोष्ट निघाली की सगळे सिंहांच्या गुहेकडे धावतात. मला पहिला अध्याय जास्त मोलाचा वाटतो. यरुशलेमेहून बाबेलला नेलेली ही कोवळी मुलं. नबुखद्नेस्सराच्या दरबारात त्यांना खास्द्यांची विद्या आणि भाषा शिकावी लागली. नावंही बदलली, दानीएलाचा बेल्टशस्सर झाला. एवढं सगळं त्याने निभावून नेलं. राजाच्या ताटातलं अन्न आणि द्राक्षारस मात्र घ्यायचा नाही, हे त्याने ताट समोर येण्याआधीच मनाशी ठरवलं होतं. त्यासाठी तो कोणावर डाफरला नाही. दहा दिवस शाकान्न आणि पाणी देऊन बघा, अशी त्याने विनंती केली. आणि हनन्या, मीशाएल, अजऱ्या हे तिघे त्याच्यासोबत होते.

येशूला धरलं त्या रात्री विस्तवापाशी पेत्राजवळ असं कोणी नव्हतं. प्रभूसाठी मरायची तयारी दाखवून काही तासच झालेले. प्रमुख याजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवापाशी तो इतरांबरोबर शेकत उभा होता. प्रश्न विचारला एका दासीने. थंडी, अनोळखी घोळका आणि त्यांच्यातलाच एक दिसण्याची धडपड, एवढं त्याला पुरलं. गालीली बोली लपेना, तरी तो प्रभूला नाकारतच राहिला.

माझ्या नशिबाने वसतिगृहात आमच्याच भागातला एक ख्रिस्ती मुलगा होता. रविवारी सकाळी तो सायकल काढून फाटकाशी उभा राही. उपदेश कधी केला नाही. पण शनिवारी जागरणाचा बेत ठरू लागला की मला ती सायकल आठवे आणि मी वेळेत झोपायला जाई. मित्र आधी रुसले. पुढे माझ्यासाठी लिंबू सरबत आणू लागले.

मंडळीतली मुलं शिकायला पुण्या-मुंबईला निघाली की आम्ही त्यांना पुढे बोलावून प्रार्थना करतो, पवित्र शास्त्र हाती देतो, "सांभाळून राहा" म्हणतो. तिथे सांभाळायला सोबत कोण, हे मात्र विचारत नाही. पाळकांनी जून उजाडायच्या आत त्या शहरातल्या मंडळीला फोन करावा आणि पहिल्याच रविवारी तिथल्या कोणा तरुणाने वसतिगृहावर जाऊन या मुलाला उपासनेला घेऊन यावं, एवढी व्यवस्था प्रत्येक मंडळीला जमण्यासारखी आहे.